मापांची वही

जेन्ट्स टेलर दुबईला गेला त्या वर्षी
कबड्डी मंडळाच्या जर्स्या माझ्याकडे आल्या.
मी ब्लाउजवाली. पोरं दारातच लाजली.
शेवटी भाच्याने टेप धरली, मी आकडे लिहिले,
आणि हर्णैचा सबंध संघ
सुनंदा पावसेच्या कटोरी ब्लाउजखाली
एका पानावर उतरला.

वही अजून मशीनच्या खणात आहे.

मनोहर दोरकुळकर. छाती चाळीस. डावा खांदा खाली.
जाळं ओढून उतरलेला तो खांदा बघून
समोरच्यांना वाटायचं, हा डावीकडे निघाला.
कुठला निघतोय!
आंजर्ल्याला त्याने एका दमात चौघे मारले,
लोक फटाके शोधत होते,
मी काखेतली शिवण बघत होते, धरते की उसवते.
त्या खांद्याला अर्धा इंच कापड जास्त सोडलं होतं.
हे त्यालाही ठाऊक नाही.

असगर मुकादम. उंची लिहायची विसरले, मांडीच लिहिली.
हाफ पँट दोनदा फाडली,
दोन्ही वेळा लोण चढवला होता, म्हणून पैसे घेतले नाहीत.
रोज्याच्या दिवसांत संध्याकाळचा सामना असला
की शिट्टी झाल्यावर आधी घड्याळ बघायचा,
मग गुणफलक.

गजा शिगवण, नंबर नऊ.
बोनस रेषेपलीकडे अंगठा टेकवायचा
पाणी किती गार आहे बघावं तसा,
आणि लगेच मागे.
एवढंच यायचं त्याला. पण येत होतं.

टपरीवर अजून वाद होतात, सगळ्यांत भारी कोण.
मनोहर म्हणतात. म्हणोत.
मला कोणी विचारत नाही,
विचारलं तर सांगेन: हरेश्वर चोगले.
डावा कोपरा. कंबर अठ्ठावीस, पाच वर्षं अठ्ठावीसच.
पकड झाली तरी हात वर करायचा नाही,
गुडघ्याची माती झटकून जागेवर.
चढाई करणारा कबड्डी कबड्डी घुमवत यायचा,
आणि हा, सुई ओवताना आपण जसा श्वास धरतो,
तसा बसून असायचा,
घोटा नेमका भोकाशी येईपर्यंत.

गुहागरच्या फायनलला मी गेले होते.
सुईदोरा घेऊन कोणीतरी संघासोबत हवं
असं माझं मीच ठरवलं.
टेम्पोच्या हौद्यात उभी राहून बघितलं सगळं.
गुण बरोबरीत. शेवटची चढाई त्यांची.
हरेश्वरने घोटा धरला.
त्या पोराचा गुडघा उलटा वळत होता.
बोटं उघडली.
पोरगं रांगत मध्यरेषेला शिवलं
आणि आम्ही एका गुणाने हरलो.

सुटला, असं गाव म्हणतं.
मी रोज कापडातून बोटं काढून घेणारी बाई,
सुटणं आणि सोडणं
मला लांबूनही वेगळं दिसतं.

धोपाव्याहून शेवटच्या फेरीबोटीत
कोणी कोणाशी बोललं नाही.
हरेश्वर इंजिनाच्या बाजूला उभा होता, एकटा.
मी जवळ गेले, म्हटलं, कॉलर फाटलीय, दे.
त्याने तिथेच काढून दिली.
परत न्यायला आलाच नाही. पुढच्या वर्षी खेळलाही नाही.

आता जर्स्या पार्सलने येतात,
चकचकीत, पाठीवर सिमेंटवाल्याचं नाव.
पोरं एल आहेत, एक्सएल आहेत.
उतरलेल्या खांद्याचं अक्षर कुठलं
ते पार्सलवाल्यांना विचारायला हवं.

गेल्या महिन्यात हरेश्वर आला, बायकोला घेऊन.
कंबर नजरेनेच मापली, चौतीस तरी.
जर्सी मागच्या हँगरला होती, कॉलर शिवलेली.
तोंडाशी आलं होतं, विचारून टाकावं एकदाचं.
तो म्हणाला, ताई, बाही जरा सैल ठेवा,
म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेताना आवळते तिला.

किती सैल, मी विचारलं.
त्याने हवेतच बोटं उघडून दाखवली.

मी वहीत लिहिलं.
जर्सी द्यायची राहिली.